भिंतीला आलेली माता

आजारपणातलं मला सगळ्यात आधी काय आठवतं, तर वास. फोडांतून येणारा गोडसर, सडलेल्या सीताफळासारखा वास. तो खाटेखालून येत असेल, शेजारणीचा असेल असं वाटत राहिलं, आणि मग कळलं की तो माझाच आहे. ओकारी आली, पण ओकायला कुशीवर वळता येईना. तळव्यांवर फोड, तळपायांवर फोड, जिभेवर फोड. मान वळवली की उशीचं फडकं गालाला चिकटून सोबत यायचं. शी! इतक्या वर्षांनी लिहितानाही पदर नाकाशी जातो.

आजारातून उठलेली माणसं लिहितात, दुखण्यानं मला धीर शिकवला. मला नाही शिकवला बा. मी आधीही फटकळ होते, नंतर जास्त झाले. मोठी माता, म्हणजे देवीचा रोग, आता राहिला नाही. पण तोंड बिघडवणारी दुखणी काही संपली नाहीत. आमच्या भिलाईच्या वसाहतीत, सेक्टरातल्या एका बाईचं स्टोव्हच्या भडक्यात तोंड भाजलं. ती आरसा पालथा घालून बसली आणि घरचे तिला रोज सांगायचे, मन प्रसन्न ठेव. तिच्यासाठी हे लिहायला घेतलं. बाई, स्वतःची किळस येत असेल तर येऊ दे. मलाही यायची. किळसेनं कोणी मरत नाही.

*

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आम्ही भंडाऱ्याकडचे. आमचे हे खलाशी होते, म्हणजे लोखंडी तुळया उंचावर चढवून बसवणाऱ्या टोळीत. आम्हाला नवा क्वार्टर मिळाला होता, दोन खोल्यांचा, आणि दार उघडं राहिलं की घरभर लाल मुरमाची धूळ. दीक्षा घेतली त्याला फार दिवस झाले नव्हते. घरातले देव आम्ही आमच्या हातांनी नदीत सोडून आलो होतो आणि यांचा दंडक असा, की बुद्धाच्या तसबिरीशिवाय भिंतीला दुसरा खिळा ठोकायचा नाही. सासूनंही दीक्षा घेतली होती. पण म्हातारीचे हात जुने होते, ते सवयीनं जोडले जायचे. मग तीच दचकून ते पदराला पुसायची.

मला ताप चढला, कंबर तुटायला लागली. एका सकाळी सासूनं कपाळावरून हात फिरवला आणि पटकन मागे घेतला.

"काय झालं, मामीजी?"

"काई नाई वं. उष्णता आहे."

दुपारी पाहिलं तर दाराला कडुलिंबाचा डहाळा, चुलीवरून कढई उतरलेली आणि वरणाला फोडणी नाही. आमच्याकडे घरात माता आली की फोडणी बंद करतात. तिला चरचर खपत नाही म्हणे. मी त्याच मातीतली, मला कोणी सांगायची गरज नव्हती.

हे ड्युटीवरून आले आणि दारातच डहाळा उपटून फेकला.

"हे कावून लावलं? कोणाची पूजा करून राहिली तू?"

"पूजा कायची? पाहुणी आली घरात. तिले तोंडावर जा म्हणतेत का?"

"पाहुणी नाई, रोग आहे थो! दवाखान्यात न्या लागते."

"नेलं त कोपते थे."

"कोपू दे. मी पाह्यतो कशी कोपते त!"

दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडले. म्हातारी माझ्या डोळ्यांवर कडुलिंबाचं पाणी शिंपडायची, हे ते कार्बोलिक साबणाच्या पाण्यानं पुसून काढायचे. तिला वाटायचं साबणानं माता चिडेल, यांना वाटायचं लिंबानं धर्म बुडेल. कोणाच्या पाण्यानं काय झालं देव जाणे, म्हणजे जो कोणी जाणत असेल तो. माझ्या डोळ्यांची मात्र आग आग झाली. मला दोघांचाही इतका राग आला होता, की हातात बळ असतं तर तो पाण्याचा गडवा दोघांच्या डोक्यात घातला असता. माझं अंग म्हणजे त्यांची सामायिक मोरी झाली होती.

शेवटी जीप आली. सेक्टरांच्या पार पलीकडे, धानाच्या मोकळ्या बांध्यांत, पत्र्याचं एक लांब शेड होतं. तिथे मातेच्या रोग्यांना ठेवायचे. डॉक्टरनं दोन बोटांनी माझ्या पापण्या फाकवल्या आणि माझ्या डोक्यावरून नर्सला सांगितलं, "बायीं आँख गई. दाहिनी का अभी कुछ कह नहीं सकते." जणू खाट रिकामीच होती.

त्या घडीपासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. तोंडाचं जे व्हायचं ते होवो, उजवा डोळा राहिला पाहिजे. आंधळी बाई दुसऱ्याच्या हातानं जेवते, दुसऱ्याच्या हातानं धुतली जाते. सासू आणि नवरा माझ्यावरून जन्मभर असे भांडत राहतील आणि मी मधे पडून ऐकत राहीन. त्यापेक्षा मेलेली बरी, असं मी ठरवून टाकलं होतं.

*

शेडमधला दिवस म्हणजे पत्रा तापण्याची वाट पाहणं. ऊन तडकलं की पत्रा कडकड वाजायचा, आणि मग माश्या. फोडांवर बसणाऱ्या माश्या हाकलायला हात उचलावा तर हातालाच कातडी नाही. जांभळ्या औषधाच्या पाण्यानं अंग पुसायचे, चादरी जांभळ्या, भांडी जांभळी, पेजेलाही तोच वास. पलीकडच्या खाटेवरची बाई दिवसभर कण्हायची. मला तिची दया यायला पाहिजे होती. मला वाटायचं, हिचं तोंड कोणीतरी बंद करा.

आमची सेवा करायला सुखबती नावाची आया होती, जवळच्याच गावची. तोंडात तंबाखू, हातात बादली. मी खाजवायला लागले की लांबूनच ओरडायची, "झन खुजा वो!" तिनं माझं हगणं-मुतणं काढलं, फोड फुटून चिकटलेलं लुगडं भिजवून भिजवून सोडवलं, आणि एकदाही नाक दाबलं नाही. तिच्या जागी मी असते तर दाबलं असतं. मला गोड बोलणारे पुष्कळ भेटले, पण आधार वाटला तो तिच्या त्या तंबाखूच्या वासाचा. निदान तो माझा वास नव्हता.

आणि रशियन बाई होती. कारखाना उभारायला आलेल्या एका इंजिनियरची बायको, तिकडची शिकलेली नर्स. उंच, केस धानाच्या तणसासारखे पिवळे, उन्हानं दंड लाल झालेले. हिंदीचे दहा-बारा शब्द तिला येत होते आणि तेवढ्यावर तिचं सगळं भागायचं. रोज सकाळी ती मला स्टुलावर बसवून पापण्या कोमट पाण्यानं भिजवायची आणि औषध सोडायची.

असंच एके दिवशी उजवी पापणी फटीएवढी उघडली. स्टूल भिंतीला अगदी खेटून होतं. आणि माझ्या नाकासमोर काय, तर ठिपके! लाल, पिवळे, निळे, जांभळे, दाटीवाटीनं, एकाला लागून एक, कुठे सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी नाही.

भिंतीलाही माता आली होती.

मी किंचाळले. रशियन बाई हसायला लागली. ते चित्र होतं, त्यांच्याकडच्या कॅलेंडरवरचं पान, तिनंच टाचण्यांनी लावलेलं. रोग्यांनी एकमेकांकडे पाहण्यापेक्षा जरा दुसरं काही पाहावं म्हणून. वा रे वा! माझ्या अंगावर जे होतं तेच रंगवून भिंतीवर! मी म्हटलं, फाडा ते, मला ओकारी येते. तिनं माझी हनुवटी धरली, खाटेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "दूर. दूर से." मी खाटेवर जाऊन पाठ फिरवून झोपले.

*

पण पाठ तरी किती वेळ करायची? त्या कुशीवरचे फोड फुटले, वळावं लागलं. सकाळ होती, दार उघडं होतं आणि ऊन थेट त्या भिंतीवर पडलेलं. मी डोळा किलकिला करून पाहिलं तर ठिपके नव्हतेच. शेत होतं.

पिकलेलं, कापणीला आलेलं शेत. मधे एक मोठं झाड. झाडाच्या बाजूला बाया, एकीच्या डोक्यावर मडकं, एकीच्या हातात कापलेल्या पिकाची पेंढी, मागे एक गाढव उभं. दुपार कलल्यानंतरचं ऊन, जेव्हा पाठ भाजायची थांबते आणि बाया कंबर सरळ करून उभ्या राहतात, त्या वेळचं.

मला पहिल्यांदा राग आला. लग्नाआधी मी लोकांच्या बांध्यांत धान कापलेलं आहे. कापणारीच्या मानेला कुसळ टोचतं, घामात कोंडा चिकटतो, बोटं चिरतात. आणि या बाया पाहा, कशा देवळात उभ्या असल्यासारख्या! एकीचाही पदर खोचलेला नाही. ज्यानं हे काढलं त्यानं जन्मात विळा धरला नसेल. आणि झाडाची सावली निळी. सावली कधी निळी असते का? सावली काळी असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्याच दुपारी दारातल्या माठाची सावली चुन्याच्या भिंतीवर पडली होती. मी पाहत राहिले. ती निळी होती. तिच्या कडेला, जिथे ऊन लागत होतं, तिथे भिंत पांढरी नव्हती, फिकट नारिंगी होती. मला भयंकर चीड आली. एवढं आयुष्य उन्हात काढलं आणि सावलीचा रंग मला एका परक्या कागदानं सांगावा?

मग मी त्या चित्रात चुका शोधायलाच बसले. दुसरं काम काय होतं? मडकंवालीचं लुगडं पांढरं दिसायचं. बाई ड्रेसिंगला भिंतीजवळ बसवायची तेव्हा जवळून पाहिलं, तर त्यात पांढरा ठिपका एकही नाही. गुलाबी, पिवळसर, थोडा हिरवट, थोडा आभाळी. खाटेवर आलं की तेच लुगडं असं लख्ख, जसं नदीवर आत्ता पिळून वाळत घातलंय. झाडाखालच्या निळ्या सावलीत त्यानं मधूनमधून नारिंगी ठिपके टाकले होते. ते जवळून घाण सांडल्यासारखे दिसायचे. लांबून त्यांच्यामुळेच ती सावली जिवंत वाटायची, आत शिरावं आणि पाय पसरावेत अशी. उन्हाच्या दिवसांत झाडाखाली गारवा असतो आणि त्या गारव्यातही भुईची धग असते. ते त्या माणसाला माहीत होतं. विळा नसेल धरला त्यानं, पण ऊन खरं होतं. हे मी कबूल करते, दात-ओठ खाऊन करते.

त्या चित्रावर माझा डोळा मोजला जाऊ लागला. रोज सकाळी ऊन भिंतीवर आलं की रशियन बाई माझ्या खाटेशी उभी राहायची आणि विचारायची, "रंग?" मधे डोळा पुन्हा सुजला, तेव्हा आधी नुसता उजेड-अंधार कळला. मग पिवळं शेत. मग आभाळ. झाडाखालची सावली सगळ्यात शेवटी. एक दिवस मी म्हटलं, "निळा," आणि बाईनं माझ्या फोडांचा विचार न करता माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. दुखलं, पण दुखू दिलं. रोज सकाळी मी डोळा आधी तिकडेच उघडायचे. ती सावली निळी दिसली की समजायचं, आजचा दिवस डोळा आपला आहे.

*

ज्यांना एकदा माता येऊन गेली त्यांना पुन्हा येत नाही, म्हणून सासूला शेडमध्ये सोडायचे. तिच्या लहानपणीच ती येऊन गेलेली. हे मात्र तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहायचे आणि मला फक्त त्यांची सायकल ओळखू यायची.

म्हातारीची नजर अधू. तिनं ते पान पाहिलं ते भिंतीला नाक लावूनच. अंगभर ठिपके असलेल्या बाया तिला दिसल्या. हातात झाडू, डोक्यावर मडकं, मागे गाढव. पेंढी तिला झाडू वाटली. सुखबती बाजूलाच उभी होती, तिनं हात जोडले, "शीतला दाई!" त्यांच्याकडे शीतलेचं वाहन गाढव आणि हातात झाडू. झालं! कुठल्या तरी बर्फाच्या मुलुखातून आलेल्या शेतकरणी आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये माता होऊन बसल्या.

मला यातलं काही कळलं नाही, मी गुंगीत होते. दुसऱ्या दिवशी ऊन भिंतीवर आलं, मी डोळा उघडला आणि झाडाखाली पाहिलं. सावली निळी नव्हती. तिथे लालभडक काहीतरी पसरलं होतं, खाली ओघळलेलं.

रक्त. माझ्या डोळ्यात रक्त उतरलंय. गेला. हाही गेला.

मी कशी ओरडले असेन ते मला आठवत नाही, पण पलीकडची कण्हणारी बाई गप्प झाली होती. रशियन बाई धावत आली, तिनं पापणी उचलून पाहिलं, बत्ती मारली, मग भिंतीकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तो शेंदूर होता. तेलात कालवून, बोटांनी थापलेला. खाली पानावर दही-भात ठेवलेला, त्यावर माश्या, आणि आंबट वास सुटलेला. बाकीच्या रोग्यांच्या नातेवाइकांनी हळदही वाहिली होती.

सासू आली तेव्हा मी अंगातलं सगळं बळ तोंडात आणलं.

"मामीजी, तुमी दीक्षा घेतली होती ना? हे काय घाण करून ठेवली?"

"मी कुठी पूजा केली? निरोप देल्ला तिले. इतके दिस राह्यली, आता जा म्हणाव लागते का नाई?"

"माझा जीव गेला असता! मले वाटलं, डोळा गेला."

म्हातारी खाली बसली. "तुया डोळ्यासाठीच त केलं वं," ती म्हणाली. "बुद्धाले सांगतलं मी. म्हटलं, तुमी रागावू नोका, मी हिले वाटेले लावून येतो." आणि ती रडायला लागली, तोंड वाकडं करून, नाक वाहत. मला तिची किळसही आली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. फोडांच्या हातांनी कसं घेणार?

*

बातमी कुंपणापर्यंत गेली. यांच्या डोक्यात एकच, माझ्या बायकोच्या खाटेसमोर देवी बसवली, आणि तीही माझ्याच मायनं! हे दंडावरची लस टोचल्याची खूण दाखवत, पहारेकऱ्याला ढकलत आत शिरले आणि थेट भिंतीशी गेले.

"फाडू नका!" मी ओरडले.

"कावून? तू बी पूजा करून राहिली का?"

"माया डोळा आहे थो. फाडू नका, पुसा."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, झाडाखाली निळी सावली आहे, ती दिसली की डोळा आहे. ते कागदाला नाक लावून म्हणाले, "कायचं झाड? ठिपके आहेत नुसते." पण बोळा भिजवून पुसायला लागले. जो माणूस शेंदराला हात लावत नव्हता, त्याचा हात मनगटापर्यंत शेंदरानं माखला. लाल निघालं तसे थोडे रंगही निघाले. पण खालचं निळं वर आलं.

"गेलं का?" असं विचारत ते वळले आणि खाटेजवळ आले. घरातून नेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांचं तोंड स्वच्छ पाहिलं. त्यांनीही माझं पाहिलं. आणि मान वळवली.

एवढंच. पटकन, माशी आल्यासारखी. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. पण किळस कशी दिसते ते मला कोणी शिकवायला नको होतं. इतके दिवस जीव टाकून जो डोळा राखला, त्याला हे पाहायचं होतं तर. आंधळी झाले असते तर एवढं तरी टळलं असतं, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "गेलं. निळं दिसते." ते लगबगीनं निघून गेले.

*

खपल्या पडल्या तेव्हा मला सोडलं. माझी लुगडी, चादर, उशी आणि भिंतीवरचं पानही शेडमागच्या खड्ड्यात टाकून जाळलं, तसा नियमच होता. रशियन बाईनं पान टाकताना माझ्याकडे पाहून खांदे उडवले. सुखबतीनं मला दुसरं लुगडं नेसवलं.

मी सायकलच्या कॅरियरवर बसले. भर दुपारची वेळ. कारखान्याच्या बाजूनं ठोकाठोकीचा आवाज आणि अहिवाऱ्याच्या खाणीकडून चुनखडीचे ट्रक येत होते, त्यांच्या धुळीनं रस्त्याकडेची सगळी झुडपं पांढरी. हे पुढे, मी मागे, म्हणजे तोंड पाहायचा प्रश्न नव्हता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ते दोन-तीनदा खाकरले.

"दुरून काई दिसत नाई वं," ते शेवटी म्हणाले. "लोकायले काई समजत नाई. दुरून पाहिलं त तू पयल्यासारखीच आहेस."

माझं डोकं भणकलं.

"मंग संसार बी दुरूनच करसान काय?"

थोडं अंतर तशीच सायकल चालली. मग त्यांनी ब्रेक दाबला, मला उतरवलं, सायकल स्टँडवर लावली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात लागेल इतक्या जवळ. रस्त्यावर कुठेही झाड नव्हतं. ऊन सरळ माझ्या तोंडावर. मी पदर ओढला नाही. म्हटलं, पाहा. हे खड्डे, ही लाल कातडी, हा पांढरा झालेला डोळा.

त्यांचं तोंड कसंतरी झालं. मी उजव्या डोळ्यानं ते स्वच्छ पाहिलं. पण मान वळली नाही. ते कपाळ पाहत होते, मग गाल, मग डोळा, मग दुसरा डोळा. एक ट्रक हॉर्न देत गेला, आम्ही दोघं पांढरे झालो, तरी ते तिथेच.

"झालं पाहून?" मी विचारलं.

"थांब नं वं," ते म्हणाले. "अजून पाहून राह्यलो."